‘या’ कोण म्हणालं?

"तू ओरडलीस!"

"मी नाही ओरडले!"

"डल्सी, मी शेडमध्ये होतो, बहिरा नव्हतो. भंगारवाल्या रोलीनं विचारलं, ‘उचलू का?’ आणि तू इथून खणखणीत ‘या!’ ठोकलंस. त्याला वाटलं होकार आला. उचलली ना त्यानं पेरणीची पाभर! गाडीवर चढवून बांधूनसुद्धा झाली!"

"माझ्या तोंडात स्कोन आहे, क्लॅरी! हे बघ. आऽऽ! दिसला? तोंडात स्कोन कोंबून ‘या’ म्हणता येतं का कुणाला? म्हणून दाखव तू!"

"आधी ओरडलीस, मग कोंबलास."

"भट्टीतून आत्ता काढलेला पाव घाईनं कोंबून? टाळू सोलून निघाली असती माझी, शहाण्या!"

"मी त्याला थांब म्हणालो होतो. हातमोजे आणायला गेलो होतो फक्त. एवढासा धीर धरवला नाही तुला? आज तरी माणसांत असल्यासारखी वाग. आता तो गावभर सांगत सुटेल, पेंगेलींची म्हातारी पाखरांशी बोलते म्हणून."

"गावाला कधीच माहीत आहे ते!"

"म्हणजे कबूल?"

"नाही! रोज ओरडते, हजारदा ओरडते, पण आज मी..."

"या!"

दोघंही जागच्या जागी थिजली. क्लॅरीचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. डल्सीचं तोंड घट्ट मिटलेलं, ओठांवर पीठ. क्लॅरीनं बहिणीच्या ओठांकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, मग उगाच टेबलाखालीसुद्धा पाहिलं. स्वयंपाकघरात तिसरं कुणी नव्हतं.

आणि खिडकीजवळच्या निलगिरीच्या शेंड्यावरून, गळ्याच्या शिरा ताणून कुणीतरी उत्तर दिलं, "हू!"

"क्लॅरी," डल्सी कुजबुजली. तिचा आवाज आयुष्यात फारसा कधी कुजबुजला नव्हता, त्यामुळे तो मध्येच फाटला. "क्लॅरी, ती बाई आहे!"

याहू हा आपल्या सातभाईंसारखाच एक पक्षी. पांढऱ्या जाड भुवया, डोळ्यांवर काळी पट्टी, तलवारीसारखी वाकडी चोच, आणि एकटं राहणं म्हणून माहीत नाही. खाणार घोळक्यानं, धुळीत लोळणार घोळक्यानं, फांदीवर बसणार ते एकमेकांच्या कुशीत शिरून, आणि संध्याकाळी काटक्यांच्या भल्यामोठ्या झाकल्या घरट्यात ढकलाढकली करत सगळे एकत्र झोपणार. त्यांचं नाव पडलंय त्यांच्या हाकेवरून. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच पक्षी ‘याहू, याहू’ करतोय. तसं नसतं. ‘या’ बायको म्हणते, ‘हू’ नवरा म्हणतो, आणि दोघांच्या मधून सुईसुद्धा जाणार नाही इतक्या झटक्यात. मराठी कानाला ते अगदी घरगुती वाटेल, ती म्हणते ‘या’, तो म्हणतो ‘हूं’. पण तिकडच्या इंग्रजी कानाला ‘या’ म्हणजे ‘हो’. घोटाळा होतो तो तिथेच.

पेंगेलींच्या घरामागे याहूंचं एक कुटुंब पिढ्यानपिढ्या होतं. गेल्या हिवाळ्यात ससाण्यानं घरातली मादी उचलली. मागे उरले तीन नर, बाप आणि त्याचे दोन मोठे मुलगे. "झाली लोकर कातरणाऱ्यांची शेड!" डल्सी म्हणाली होती. "तीन पुरुष, एकही बाई नाही, आणि घरट्याची अवस्था बघा." ती हसली खरी, पण नंतर तिला हसू येईना. बाप रोज सकाळी शेंड्यावर बसायचा, मान पुढे काढायचा आणि थांबायचा. त्याच्या गाण्याची सुरुवात बायकोच्या तोंडी होती. सुरुवातच नाही, तर पुढचं म्हणणार कसं? थांबून थांबून शेवटी तो एकटाच ‘हू’ म्हणायचा, आणि त्या ‘हू’ला काही अर्थ नसायचा.

एका सकाळी डल्सी खिडकीशी भांडी घासत होती. तो शेंड्यावर मान पुढे काढून थांबलेला. तिला ते बघवेना. हातात कढई तशीच धरून, खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "या!"

"हू!" श्वास घ्यायला अवकाश न देता.

तेव्हापासून रोजचा शिरस्ता झाला. क्लॅरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तर मेंढा विकत घ्यायला आलेला माणूस अंगणात घासाघीस करत होता. क्लॅरी ठाम ‘नाही’ म्हणत होता, आणि घरातून ‘या!’ आलं. त्या माणसानं मेंढा गाडीत घातला, हात मिळवला आणि गेला. क्लॅरी पुढे आठवडाभर डल्सीशी फक्त कुत्र्यामार्फत बोलला. "टिकी, तिला सांग, मीठ कमी आहे."

आता मात्र आवाज डल्सीचा नव्हता. ती स्कोनचा ट्रे तसाच ठेवून जाळीच्या दारातून बाहेर पडली. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्यांचं आणि तिचं जुनं वैर, पण त्या क्षणी गुडघ्यांना विचारतो कोण! मागे क्लॅरी, मागे टिकी.

"या!"

"तिकडून! हार्वेस्टरवरून!" क्लॅरी ओरडला.

"तुझ्या ढिगावरून?"

"रांग आहे ती. ढीग नाही."

ही रांग म्हणजे पेंगेली घराण्याचा जुना वाद. घराजवळच्या निलगिरीपासून ओढ्यापर्यंत कुंपण गेलेलं, आणि कुंपणाला लागून क्लॅरीनं आणि त्याच्या आधी त्यांच्या वडिलांनी मेलेलं प्रत्येक यंत्र आणून उभं केलेलं. त्या मुलखात यंत्र मेलं म्हणून कुणी फेकत नाही. त्याला कुंपणाशी नेऊन ठेवतात, कधीतरी एखादा नट लागेल म्हणून. नट कधीच लागत नाही. ओढ्याकडून मोजायला लागलं तर आधी वडिलांचा हार्वेस्टर, मग बिनचाकांची पिकअप, मग गोल पात्यांचा, तव्यांचा नांगर, मग पाभर, मग गाड्यावरची गंजकी पाण्याची टाकी, आणि मग घर. दोन्ही बाजूंना नुसता गहू. झाड म्हणून औषधाला नाही.

डल्सीला ती रांग डोळ्यांसमोर नको असायची. तिचं सगळं आयुष्य नीटनेटकेपणावर उभं होतं. अठराव्या वर्षी ती घरातून निघाली ती लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांबरोबर, स्वयंपाकीण म्हणून. शेडमागून शेड, पत्र्याच्या स्वयंपाकघरातली आग, आणि सकाळी उठल्यापासून भुकेली असलेली दांडगी माणसं. तिथे चमचा जागेवर नसला तर दंगल होते. एकानं तिच्या मटणाला नाव ठेवलं, तर तिनं त्याला जेवणभर स्टुलावर उभं करून प्रत्येक घासाला ‘वा, डल्सी’ म्हणायला लावलं. त्यानं म्हटलं. पुढच्या हंगामात त्यानंच तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "आधी भांडी घास." त्यानं घासली नाहीत. विषय संपला.

मग क्लॅरीची बायको नोलीन गेली. लहान लहान तीन पोरं मागे ठेवून. डल्सी पंधरवड्याची रजा काढून घरी आली, आणि तो पंधरवडा काही संपला नाही. पोरांच्या शेंबडापासून मुलीच्या लग्नातल्या केकपर्यंत सगळं तिनं निभावलं. धाकटं कडेवर असताना एकदा ती याच खिडकीतून बघत होती. याहूंच्या घरट्याशी आईबापांबरोबर काका, आत्या, थोरली भावंडं सगळी चोचीत अळ्या घेऊन रांगेत उभी होती. स्वतःचं पिल्लू नसलेली, दुसऱ्याच्या पिल्लाला भरवायला आलेली. "अगं बाई, ही तर मीच!" म्हणून ती इतकी हसली की कडेवरचं पोरही हसायला लागलं. त्या दिवसापासून ते याहू तिचे झाले.

म्हणूनच ते तीन नर तिच्या जिवाला लागले होते. ओढ्याकाठी याहूंचं दुसरं भरलं कुटुंब होतं. तिथल्या एखाद्या तरुण मादीनं इकडे यावं, एवढंच हवं होतं. पण याहू उघड्या रानावरून लांब उडत नाहीत. झाडावरून झाडावर, फांदीवरून फांदीवर, हुंदडत जातात. डल्सीनं कुंपणाच्या कडेनं रोपं लावून पाहिली. निम्मी उन्हानं खाल्ली, निम्मी क्लॅरीच्या मेंढ्यांनी. "आणि उरलेली जागा तुझ्या भंगारानं अडवली!" असं ती वर म्हणायची.

आज डल्सीचा वाढदिवस. सकाळी क्लॅरीनं टोस्ट खाता खाता मान वर न करता सांगितलं होतं, "रोली क्विगला बोलावलंय. रांग जातेय आज. सगळी. वाढदिवसाच्या शुभेच्छा." डल्सीला इतका आनंद झाला होता की तिनं त्याच्या अंड्यावर आणखी एक अंडं फोडलं होतं.

आणि आता ती कुंपणाचा खांब धरून उभी होती. वडिलांच्या हार्वेस्टरच्या माथ्यावर शेपटी पंख्यासारखी फुलवून एक तरुण मादी बसली होती. एकटी. याहू आणि एकटी!

"घर सोडून आलीय," डल्सी म्हणाली. "सासर शोधायला."

"माझ्या हार्वेस्टरवर."

"गप रे!"

मादीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टुणकन उडी मारून ती पिकअपच्या टपावर आली. टपावरून बॉनेटवर. बॉनेटवर चोचीनं गंज उचकटून तिनं एक कोळी काढला, खाल्ला, चोच पुसली, आणि पंखांतला तांबूस चट्टा चमकवत ती तरंगत तव्यांच्या नांगरावर उतरली. एका तव्यावरून दुसऱ्या तव्यावर, जिना चढावा तशी.

डल्सीनं भावाचा दंड गच्च धरला. "क्लॅरी! क्लॅरी, ती तुझ्या रांगेवरून येतेय! झाडांसारखी वापरतेय ती!"

"दंड सोड."

"एकेक करून! बघ ना, माणसासारखी पायरी पायरीनं! आता पाभर, मग टाकी, मग घर! आली! आली रे ती!"

"पाभर नाहीये," क्लॅरी म्हणाला.

डल्सीनं पाहिलं. नांगर आणि टाकी यांच्यामध्ये जिथे पाभर होती तिथे पिवळं पडलेलं गवत आणि मोठी मोकळी जागा. पाभर रोलीच्या ट्रकवर होती, दोरखंडानं आवळलेली. मादी नांगराच्या शेवटच्या तव्यावर आली, पुढे वाकली, मागे सरली. पुन्हा पुढे वाकली. घराकडून बापानं हाक दिली, "हू! हू!" गाण्याची सुरुवात विसरून तो आता नुसता शेवटच म्हणत सुटला होता, आणि त्याचे दोन्ही मुलगे त्याच्या शेजारी फांदीवर नाचत होते. मादी मागे वळून एक तवा उतरली.

"परत चाललीय," डल्सी कळवळली. "तिनंच ‘या’ म्हटलं, रोलीला वाटलं होकार, आणि रोलीनं तिचीच वाट उचलली! काय हा मेला योगायोग!"

"योगायोग कसला? तू रोज ओरडून त्याला सवय लावलीस. दुसऱ्या कुठल्या घरात पाखराच्या ओरडण्याला माणसाचा होकार समजले असते?"

त्यावर डल्सीकडे उत्तर होतं, चांगलं खमंग उत्तर होतं, पण द्यायला वेळ नव्हता. कारण क्रेन घरघरली. आता कानांवर आवाज रोखणारी जाड झाकणं चढवलेला रोली क्विग, पोटावर पट्टा आवळत, क्रेनचा हूक घेऊन नांगराकडे निघाला होता. त्याच नांगराकडे. मादी त्याच्यापासून दोन तव्यांवर.

"रोली! ए रोली! थांब!"

रोलीनं त्यांच्याकडे पाहून आनंदानं हात हलवला.

"थांऽऽब!"

रोलीनं अंगठा दाखवला.

"ऐकू जात नाहीये त्याला," क्लॅरी म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

डल्सीनं भावाकडे एक नजर टाकली. मग ती वळली आणि घराकडे धावत सुटली. एप्रन उडतोय, चप्पल एक मागे राहिली, टिकी ती तोंडात घेऊन मागून येतोय. स्वयंपाकघराच्या दाराशी साखळीला नांगराचा एक जुना तवा टांगलेला होता. शेवटच्या शेडमधून निघताना टोळीनं तिला तो भेट दिला होता. त्याआधी शेडमागून शेड तिनं तोच बडवून माणसं जेवायला बोलावली होती. तिनं लोखंडी गज उचलला आणि ताकदीनं हाणला.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

"स्मोकोऽऽऽ!"

स्मोको म्हणजे कामाच्या मधला चहा, आणि त्या मुलखात जगबुडी पुढे ढकलता येईल पण स्मोको नाही. रोलीचा बाप आयुष्यभर मेंढ्या कातरायचा. रोली अशाच एका शेडच्या पायरीवर वाढला होता. तो टोल कानांवरची झाकणं भेदून त्याच्या हाडांपर्यंत गेला असावा. हूक त्यानं जिथल्या तिथे सोडला, क्रेन बंद केली, हात पाटलोणीला पुसले आणि घराकडे चालायला लागला. कशासाठी, किती वेळ, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

नांगरावर मादी अंग फुगवून बसली होती. गेली नव्हती. अजून गेली नव्हती!

"खजुराचा केकसुद्धा आहे?" रोली टेबलाशी बसत म्हणाला. "वाढदिवस बिढदिवस आहे की काय कुणाचा?"

"माझा. आणि तू बस. जोवर मी सांगत नाही तोवर उठायचं नाही. आणखी एक स्कोन घे."

"हा पहिलाच..."

"मग दोन घे. क्लॅरी, तूही बस. रांग राहणार."

क्लॅरीनं टोपी खुंटीला लावली. खुर्ची ओढली. चहात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "रांग जाणार."

"पाहिलंस ना तू आत्ता डोळ्यांनी!"

"पाहिलं. पण मी रोलीला शब्द दिलाय. हात मिळवलाय."

"रोली, सोड रे त्याला शब्दातून."

"मी काही बोलत नाहीये," रोली म्हणाला. "मी खातोय."

"बरं, ऐक," डल्सीनं टेबलावर तळवे टेकले. शेडमध्ये दांडगी माणसं गप्प व्हायची ती हाच पवित्रा बघून. "भेट मला दिलीस ना? म्हणजे ती माझी झाली. माझी वस्तू मी कुठे ठेवायची ते मी ठरवीन. मला ती कुंपणाशी ठेवायची आहे. विषय संपला."

"भेट म्हणजे रांग नव्हे. भेट म्हणजे रांग नसणं."

"नसण्याची भेट कोण देतं?"

"जिनं जन्मभर मागितली तिला देतात!" क्लॅरीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ऊठसूट तेच! ‘क्लॅरी, हा उकिरडा कधी जाणार? क्लॅरी, पाहुणे काय म्हणतील?’ पोरं घरी आली की त्यांच्यासमोर तेच. दात पडलेलं थोबाड म्हणालीस तू त्या रांगेला."

"म्हणाले असेन."

"यंत्रांचं स्मशान म्हणालीस. बाबांच्या हार्वेस्टरला मेलेला उंट म्हणालीस, रोली!"

"थोडा दिसतो तसा," रोली म्हणाला, आणि दोघांनी एकदम त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं केकमध्ये तोंड घातलं.

"बाहेर जरा हातमोजे आणायला गेलो," क्लॅरी आता टेबलाकडे बघत बोलत होता, "तर म्हटलं येऊन एकदा नीट बघून घेऊ एकेकाला. पाभरीवर मला बाबांनी पेरणी शिकवली. पिकअपमध्ये नोलीन... तिला दवाखान्यात नेलं ते त्याच पिकअपमधून. पोरं पुढे त्या गाडीत बसून खोटी खोटी शहरात जायची. माझ्याच्यानं कधी काढवली नाही ती रांग. तुझ्यासाठी काढायला निघालो. आणि आता तू म्हणतेस, ठेव. का? तर एका पाखराला बसायला हवी. मला हवी होती तेव्हा तो उकिरडा होता. पाखराला हवी तर झाड झालं!"

डल्सी उभीच होती. बाहेर बापानं पुन्हा हाक दिली, "हू!" आणि दुरून, नांगरावरून, बारीक पण अजून तिथूनच, "या!" दोन्हींच्या मध्ये पाभरीएवढं अंतर होतं. रोलीनं घड्याळाकडे पाहायला मान वळवली आणि शहाणपणानं परत आणली.

डल्सीला वाटलं होतं, भाऊ आळशी आहे. इतकी वर्षं तिला वाटलं होतं, आळशी आहे.

"मी चुकले," ती म्हणाली.

क्लॅरीनं मान वर केली. "काय?"

"ऐकू आलंय तुला."

"मी बहिरा आहे. मघाशी तूच म्हणालीस."

"तू म्हणालास, बहिरा नाही! चुकले! मी चुकले, क्लॅरी पेंगेली, झालं? रोली, तू साक्षीदार."

"मी खातोय."

"ती रांग उकिरडा नाही," डल्सी म्हणाली.

"मग काय आहे?"

"रांग आहे."

"कशी?"

"कशी म्हणजे? लोखंडाची."

"कशी दिसते?" क्लॅरीनं खुर्चीला पाठ टेकवली. त्याच्या एका गालात काहीतरी हललं, आणि ते बघून डल्सीला कळलं की आज हा तिला स्टुलावर चढवणार. "म्हण. ‘रांग देखणी आहे.’"

"मी नाही म्हणणार."

"रोली, चहा संपला का तुझा?"

"थांब!" डल्सी ओरडली. तिनं खिडकीतून पाहिलं. मादी शेवटच्या तव्यावर पुन्हा पुढे आली होती, पंख अर्धे उघडून, मोकळ्या जागेकडे वाकून, आणि तिकडे फांदीवर तिघं नर एकमेकांवर चढत, ढकलत, ‘हू’ला ‘हू’ जोडत वेडे झाले होते. डल्सीनं एप्रन नीट केला. छाती भरून श्वास घेतला. मग तवा बडवताना जो आवाज लावायची त्याच आवाजात, अख्ख्या रानाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "पेंगेलींची रांग देखणी आहे! तिच्यातला नांगर देखणा आहे, टाकी देखणी आहे, बिनचाकांची पिकअप देखणी आहे, आणि आमच्या बाबांचा हार्वेस्टर हा या तालुक्यातला सगळ्यात देखणा मेलेला उंट आहे!"

रोलीचा घास तोंडातच राहिला. टिकीनं चप्पल खाली टाकली.

"झालं समाधान? की प्रत्येक घासाला म्हणू?" डल्सीचा चेहरा लाल झाला होता आणि तिला हसू येत होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि यातलं काहीच तिला भावाला दिसू द्यायचं नव्हतं. "आता तोंडानं सांग. ठेवतोस की नाही?"

क्लॅरी उठला. खुंटीवरची टोपी काढली, आतून हात फिरवून डोक्यावर चढवली. ट्रेमधला एक स्कोन उचलून खिशात टाकला. बहिणीकडे पाहिलं, तिच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि जाळीचं दार ढकलून बाहेर पडला.

"क्लॅरी! मी काहीतरी विचारलंय!"

दार मागे धाडकन आपटलं.

खिडकीतून दोघांनी पाहिलं. तो अंगण ओलांडून थेट रोलीच्या ट्रककडे गेला. चाकावर पाय देऊन वर चढला, पाभरीवरच्या दोरखंडाची गाठ चाचपली, ती हातानं सुटेना, तेव्हा गुडघे टेकून बसला आणि दातांनी सोडवायला लागला.